खरा विटाळ

श्रावण लागला की आमच्या घरात कांदा-लसूण बंद होई. पालेभाजी आली की आजी ती तीन पाण्यांतून काढायची. पहिले पाणी मातीसाठी, दुसरे किडीसाठी आणि तिसरे मनाच्या समाधानासाठी, असे ती म्हणायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कोणी यायचे आणि कोणी नाही, पाण्याच्या हंड्याला कोणाचा हात लागलेला चालतो आणि कोणाचा नाही, याचे सारे नियम तिला तोंडपाठ होते. ती दुष्ट नव्हती. जे शिकवले गेले ते ती पाळत होती. पण समोरची भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, हा प्रश्न तिने कधी विचारला नाही. तिच्या आईनेही विचारला नसेल. आणि शाळा-कॉलेज शिकलेल्या माझ्या पिढीनेही तो विचारला नाही.

हा प्रश्न विचारायला आपण फार उशीर केला आहे. म्हणून आज तो मोठ्याने विचारते.

मुंबईच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांनी रुळांलगतचे हिरवे वाफे पाहिलेले असतात. पालक, लाल माठ, मेथी, भेंडी, अळू. रेल्वेच्या मोकळ्या जमिनी 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली भाजीपाल्यासाठी दिल्या गेल्या, त्यातून ही हिरवळ उभी राहिली. सिमेंटच्या गर्दीत ती डोळ्यांना बरी वाटते. पण वाफ्याच्या टोकापर्यंत चालत गेले की मोटर दिसते, आणि मोटरीचा पाइप कुठे सोडला आहे तेही दिसते. अनेक ठिकाणी तो शेजारच्या नाल्यात असतो.

अशाच एका नाल्याकाठी पालक खुडणाऱ्या बाईंशी मी बोलले. "ताई, या पाण्याला वेगळं खत लागत नाही," त्या म्हणाल्या. "महिन्याच्या आत पालक असा उभा राहतो." नळाचे पाणी का घालत नाही, असे मी विचारले. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "प्यायला दोन हंडे मिळवायला पहाटे रांग लावतो आम्ही. भाजीला कुठून आणू?" मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायची मला लाज वाटत होती. ही भाजी तुम्ही घरी खाता का? त्यांनी हातातल्या जुडीला दोरा गुंडाळला आणि म्हणाल्या, "विकून उरते ती आम्हीच खातो की. टाकून थोडीच देतो?"

या बाईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला आपला समाज एका पायावर तयार असतो. 'नाल्यावरची भाजी' असा मथळा येतो, एखादे पथक जाते, वाफे उपटते, फोटो निघतात आणि आपण निश्चिंत होतो. मी त्या बाईंच्या बाजूने बोलायला उभी आहे. नाल्यात त्यांनी काही टाकलेले नाही. टाकणारे आपण आहोत.

आधी एक भ्रम दूर केला पाहिजे. भाजी स्वच्छ धुतली की झाले, असे आपल्याला मनापासून वाटते. धुवायला हवीच. पानावरची धूळ, तिच्यातले शिसे, सांडपाण्यातले जंतू धुण्याने कमी होतात. पण जी धातुद्रव्ये मुळावाटे रोपात शिरली आणि पानाच्या पेशीत जाऊन बसली, त्यांना तीन पाणी काय आणि तीस पाणी काय. मिठाच्या पाण्याने ती जात नाहीत. शिजवल्याने नष्ट होत नाहीत, कारण धातू हा जंतू नव्हे. त्याला मारता येत नाही. तो फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. कारखान्यातून नाल्यात, नाल्यातून मातीत, मातीतून मुळात, मुळातून पानात आणि पानातून आपल्या मूत्रपिंडात.

हे घडते कसे, ते प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. मुळाच्या टोकामागे केसांहून बारीक अशी केशमुळे असतात. ती मातीच्या कणाकणाला भिडतात. मूळ निमूटपणे पाणी पीत बसत नाही, ते कष्ट करते. लोह, स्फुरद अशी अन्नद्रव्ये मातीच्या कणांना घट्ट धरून बसलेली असतात. ती सुटावीत म्हणून मूळ आपल्या अंगातून सौम्य आम्ले मातीत सोडते. या आम्लांनी लोह सुटते, तसे शेजारी अडकलेले कॅडमियमही सुटते. उपाशी मूळ अन्नासाठी जितके धडपडते, तितके हे विषही जागे होते.

पुढे मुळाच्या पेशींच्या पडद्यात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. एक दार लोहासाठी, एक जस्तासाठी, एक मँगॅनीजसाठी, एक स्फुरदासाठी. प्रत्येक दार आपले द्रव्य त्याच्या आकारावरून आणि विद्युतभारावरून ओळखते. नेमकी इथे फसवणूक होते. कॅडमियमच्या आयनावर लोह-जस्तासारखाच दोन धन भार असतो, आकारही जवळचा. दाराला ते घरचेच माणूस वाटते. भाताच्या मुळात मँगॅनीज घेणारे जे दार आहे, त्याच दाराने कॅडमियम मुख्यतः आत शिरते, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. आर्सेनिकचे एक रूप स्फुरदाच्या दाराने जाते. पाणी साचलेल्या भातखाचरात त्याचे दुसरे रूप तयार होते, ते सिलिकाच्या वाटेने जाते. भाताला ताठ उभे राहायला सिलिका भरपूर लागते, म्हणून ते दार सताड उघडे असते. रोप हावरे नाही, बेसावध नाही. त्याच्या लाखो वर्षांच्या अनुभवात एवढे कॅडमियम कधी त्याच्या पायाशी येऊन पडले नव्हते, इतकेच.

मुळाला एक उंबराही आहे. मुळाच्या गाभ्याभोवती पेशींचे कडे असते आणि त्या पेशींच्या मधल्या भिंतींत लाकडासारख्या कठीण द्रव्याची पट्टी जडलेली असते. रॉबर्ट कॅस्परी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. पेशींच्या फटीफटींतून चोरवाटेने आलेले पाणी या पट्टीपाशी अडते. पुढे जायचे तर पेशीच्या आतूनच, म्हणजे दारातल्या तपासणीतूनच जावे लागते. शिसे बहुतांशी मुळाशीच अडकून पडते, क्रोमियमचेही तसेच. कॅडमियम मात्र हा उंबरा ओलांडते, खोडाच्या वाहिन्यांत चढते आणि पानांत जाते. म्हणून पालक, माठ, मेथी यांच्याबाबत कॅडमियमची काळजी अधिक. आणि जे मूळच आपण खातो त्या मुळा, गाजर, बीट यांच्याबाबत शिशाचीही काळजी तितकीच. भेंडी, टोमॅटो, वांगे अशा फळभाज्यांत ही द्रव्ये सहसा कमी पोचतात.

रोप आपल्या परीने बचावही करते. गंधकयुक्त लहान रेणू तयार करून ते कॅडमियमला बांधते आणि पेशीतल्या कोठीत नेऊन कोंडते. आपले काम त्याने चोख केले. पण त्या कोंडलेल्या कोठीसकट आपण पान खातो.

यातली सर्वांत घातक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. जमिनीत तांबे किंवा जस्त फार झाले तर पीक पिवळे पडते, खुरटते, मरते. खाणाऱ्यापर्यंत पोचण्याआधी रोपच बळी जाते आणि आपल्याला सावध करते. कॅडमियमचे तसे नाही. माणसाला अपाय करील इतके कॅडमियम पानात असतानाही रोप टवटवीत, हिरवेगार असू शकते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कासाडी नदीच्या परिसरातली भटकी कुत्री कारखान्यातल्या रंगाने निळी झाली, तेव्हा देशभर बातमी झाली. कुत्रा निळा झाला म्हणून आपल्याला कळले. पालक हिरवाच राहतो.

याचा शेवट कुठे होतो, ते जपानने आपल्या स्त्रियांच्या हाडांवर लिहून ठेवले आहे. तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजासोबत कॅडमियम असतेच. खाणीचे पाणी नदीत जाई, नदीचे पाणी भातखाचरांत आणि भात ताटात. खालच्या गावांतल्या बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागली. नुसता खोकला आला तरी बरगडी मोडे. त्या वेदनेने ओरडत, 'इताई, इताई', म्हणजे दुखतंय, दुखतंय. आजाराला तेच नाव पडले.

आधी लोक म्हणाले, हे कुपोषण आहे. नोबोरू हागिनो या गावातल्याच डॉक्टरने खाणीकडे बोट दाखवले, तेव्हा त्याची टवाळी झाली. १९६८ मध्ये जपान सरकारने मान्य केले की कारण खाणीतले कॅडमियमच आहे. १९७१ मध्ये तोयामाच्या न्यायालयाने पीडितांच्या बाजूने निकाल दिला, १९७२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. त्यानंतर मातीचा प्रश्न उरला. विषारी झालेल्या खाचरांची माती बदलायचे, गाडायचे, झाकायचे काम १९७९ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये संपले. ओतताना कोणाचे काही गेले नाही. उपसायला तेहतीस वर्षे लागली.

पीडितांमध्ये बहुसंख्य होत्या पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया. याचे कारण आपल्या प्रत्येक घराने कान देऊन ऐकावे. लोह कमी पडले की मूळ जशी लोहाची दारे वाढवते, तशीच माणसाच्या आतड्यातही लोह घेणारी दारे वाढतात, आणि त्याच दारांतून कॅडमियम आत येते. म्हणजे ज्या बाईच्या अंगात रक्त कमी, तिच्या अंगात विष जास्त मुरते. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. महाराष्ट्रातही हा आकडा निम्म्याहून अधिकच आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरलेले जेवणारी बाई. डॉक्टरने 'रक्त कमी आहे, पालेभाजी खा' म्हणून सांगितलेली बाई. तिच्या ताटात नाल्यावरचा पालक पडतो. आधी आपण तिला उपाशी ठेवले, मग त्या उपासाचाच रस्ता करून विष तिच्या अंगात जाऊ दिले. याहून मोठे पाप कोणत्या ग्रंथात लिहिले असेल ते मला सांगा.

मुलांचीही कथा तीच. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाचपट हिस्सा लहान मूल शोषून घेते. त्याने मुलाचा मेंदू मागे पडतो. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच दहा ते तीस वर्षे लागतात. आज दिलेल्या घासाचा हिशेब ते मूल चाळिशीत चुकते करील.

आता विचारू या, हे धातू नाल्यात येतात कुठून? निकेल-क्रोमचा मुलामा देणाऱ्या वर्कशॉपमधून. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांतून. रंगाच्या, रसायनाच्या, कातड्याच्या कारखान्यांतून. इलेक्ट्रॉनिक भंगार ॲसिडमध्ये बुडवून त्यातले तांबे-सोने काढणाऱ्या गल्ल्यांतून. आणि आपल्या घरातून. घड्याळाची संपलेली बॅटरी, फुटलेली ट्यूबलाइट, जुना मोबाइल आपण ओल्या कचऱ्यात टाकतो तेव्हा आपणही त्या रांगेत असतो. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, पण तोवर धुराड्यांतून उडालेले शिसे रस्त्याकडेच्या मातीत उतरले होते. माती ते विसरत नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रासायनिक कचरा ओतला गेला. वायू उठला आणि झोपेतली शेकडो माणसे रुग्णालयात न्यावी लागली. वायू उठला म्हणून टँकर कळला. ज्या टँकरमधल्या द्रव्याला वास नाही, वायू नाही, नुसते विरघळलेले धातू आहेत, त्याची रात्र आपण शांत झोपून काढतो.

मातीचाही यात वाटा आहे. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत कॅडमियम, शिसे बरेचसे जखडून राहतात. आम्लधर्मी मातीत ते मोकळे होतात आणि मुळाला सहज लागतात. कोकणची जांभी माती आम्लधर्मी आहे. आणि तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे या आपल्या रासायनिक वसाहती कुठे आहेत? कोकणात.

महाडचे नाव आले की मला पुढे जाता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. गुरेढोरे जिथे पाणी पीत, तिथे माणसांनी पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? तळे बाटले म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून मंत्र म्हणत ते 'शुद्ध' केले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, असे मानणारा हा समाज. आज महाडजवळ रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, सावित्री नदी आहे. तळे शुद्ध करायला घागरी घेऊन धावलेल्यांचे वारस आज सावित्रीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेकडे धावताना मला दिसत नाहीत.

माझा आरोप इथे आहे. शुद्ध-अशुद्धाचा एवढा घोळ घालणारा समाज जगात विरळा. पाण्याला हात कोणाचा लागला, याची आपण हजारो वर्षे चौकशी केली. पाण्यात काय मिसळले, याची चौकशी केली नाही. आपले सोवळे माणसांविरुद्ध होते, विषाविरुद्ध कधीच नव्हते. घाण उचलणाऱ्याला आपण अस्पृश्य ठरवले आणि घाण करणाऱ्याला प्रतिष्ठित. झाडाच्या मुळालाही उंबरा आहे, तेही आत येणाऱ्याला तपासते. पण ते पदार्थ तपासते. आपण जात तपासली. मूळ फसते ते कॅडमियम लोहासारखे दिसते म्हणून. आपण कशाने फसलो?

आणि हे सोवळे गेलेले नाही, त्याने कपडे बदलले आहेत. 'आम्ही ऑरगॅनिकच घेतो' असे म्हणणारा घरमालक आपल्या कारखान्याचे पाणी रात्री कुठे सोडले जाते ते विचारत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखाची देणगी देणारा उद्योजक सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट वीजबिल वाचवायला बंद ठेवतो, आणि पाटीवर त्याचे नाव सोन्याच्या अक्षरांत कोरले जाते. ज्याला भाजी निवडता येते तो महागड्या दुकानात जातो. ज्याला येत नाही त्याच्या वाट्याला नाला येतो. पूर्वी पाणवठे वेगळे होते, आता ताटे वेगळी झाली.

राज्यकर्त्यांनाही यातून सुटका नाही. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्ये कायदा केला, १९७० मध्ये मंडळ नेमले. केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. पन्नास वर्षे उलटून गेली. कायदा म्हातारा झाला, नाला मात्र भर ज्वानीत आहे. एक किलो पालेभाजीत कॅडमियम ०.२ मिलिग्रॅमच्या वर आणि शिसे ०.३ मिलिग्रॅमच्या वर नसावे, असे आंतरराष्ट्रीय अन्नमानक सांगते. पण पहाटे मंडईत जुडी उतरते तेव्हा तिचा भाव पाहिला जातो, ताजेपणा पाहिला जातो. तिच्यातले शिसे कोण पाहतो?

२०१५ मध्ये देशात मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाली. चांगले पाऊल होते. त्या पत्रिकेत बारा बाबी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगॅनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या बारांत शिसे नाही. कॅडमियम नाही. आर्सेनिक नाही, पारा नाही, क्रोमियम नाही. पिकाला काय कमी पडते ते आपण शेतकऱ्याला सांगतो, खाणाऱ्याला काय मारते ते सांगत नाही. आरोग्य पत्रिका कोणाच्या आरोग्याची? उत्पादनाच्या की माणसाच्या?

आणि विद्वानांनो, तुम्हीही ऐका. नाल्यावरच्या भाजीतले धातू मोजणारे शोधनिबंध विद्यापीठांच्या कपाटांत आहेत, इंग्रजीत आहेत. ज्या बाईंनी माझ्यासमोर जुडीला दोरा गुंडाळला, त्यांच्यापर्यंत त्यातला एक आकडा पोचलेला नाही. जे ज्ञान भाजी पिकवणारीच्या भाषेत उतरत नाही, ते पदवी मिळवायचे साधन झाले. लोकांचे ज्ञान झाले नाही.

कोणी म्हणेल, मग नाल्यावरची शेती बंद करा. मीही म्हणते, विषारी पाण्यावर खाण्याची भाजी पिकता कामा नये. पण वाफे उपटणारे पथक नाल्याच्या उगमाकडे का चालत जात नाही? दुबळ्याचा वाफा उपटणे सोपे असते, बलवानाचा पाइप बुजवणे अवघड. कष्टकऱ्याची रोजी बुडवून आणि नाला तसाच ठेवून आपण न्याय केला असे म्हणू नये. तो विषारी नाला उद्या खाडीत जाईल, परवा मासळीच्या पोटातून परत येईल.

मग करायचे काय? अशक्य असे काही नाही. पहिली गोष्ट, कारखान्याचे पाणी आणि घरांचे सांडपाणी एकत्र होऊ देऊ नये. मैलापाण्यात नत्र-स्फुरद असते, नीट शुद्ध केले तर ते शेतीला वरदान आहे. धातू मिसळले की तेच शाप होते. मैलापाण्याच्या शुद्धीकरणात धातू नाहीसे होत नाहीत, बरेचसे गाळात उतरतात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर पुन्हा मुळाशीच येतात. म्हणून धातू कारखान्याच्या कुंपणाआतच अडवले पाहिजेत. पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून कालव्यात उचलून खालच्या तालुक्यांतल्या शेतीला दिले जाते. अशा प्रत्येक ठिकाणी पाण्यातल्या धातूंची तपासणी नियमित व्हावी आणि तिचे आकडे मराठीत, गावाच्या चावडीवर लागावेत.

दुसरी गोष्ट, मृदा आरोग्य पत्रिकेत निदान औद्योगिक पट्ट्यांत तरी शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांच्या ओळी घालाव्यात. तिसरी, जिथे माती बिघडली आहे तिथे पालेभाजी आणि कंदमुळे थांबवून झेंडूसारखी न खाण्याची पिके घ्यावीत, आणि त्या बदलाचा खर्च पिकवणाऱ्यावर न टाकता प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करावा. त्या फुलांचे निर्माल्यही पुन्हा भाजीच्या खतात जाता कामा नये. आम्ल मातीत चुना आणि चांगले कुजलेले शेणखत घातले तर कॅडमियम आणि शिसे बरेचसे जखडले जातात. ही माहिती कृषी सहायकाने बांधावर जाऊन दिली पाहिजे.

निसर्गाने आपल्याला एक मदतही देऊ केली आहे. काही वनस्पती धातू इतके ओढून घेतात की माती साफ करायला त्या उपयोगी पडतात. एका जातीचे नेचे आर्सेनिक साठवते, हे २००१ मध्ये उघड झाले. मोहरीच्या कुळातल्या वनस्पतींवरही असेच काम झाले आहे. नद्यांत माजणारी जलपर्णीसुद्धा धातू शोषते. पण यातही आपली जुनी सवय आडवी येते. काढलेली जलपर्णी काठावर टाकून दिली किंवा खत म्हणून विकली, तर विष फक्त जागा बदलते. झाड आपले ओझे उचलील, पण ते ओझे कुठे ठेवायचे हे आपणच ठरवायचे आहे. 'टाकून दिले' म्हणजे संपले, ही आपली सर्वांत मोठी अंधश्रद्धा आहे. भुताखेतांवरच्या विश्वासापेक्षा तिने अधिक माणसे आजारी पाडली आहेत, असे मला वाटते.

शेवटचे मागणे वाचकाकडे. उद्या मंडईत जुडी हातात घ्याल तेव्हा भाजीवालीला भावासोबत एक प्रश्न विचारा: मावशी, ही कोणत्या पाण्यावरची? तिला दटावू नका. उत्तर मिळाले की ते घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जा, महापालिकेत जा, प्रदूषण मंडळाकडे लेखी अर्ज करा, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला कोणाचा पाइप उघडतो ते चार जणांनी मिळून चालत जाऊन पाहा. घरातली एकही बॅटरी कचऱ्यात टाकू नका. ज्याच्या कारखान्याचे पाणी नाल्यात जाते, त्याला सत्यनारायणाच्या पाटावर, सत्काराच्या खुर्चीवर बसवू नका. विटाळ मानायचाच असेल तर त्या पैशाचा माना.

माझ्या आजीने आयुष्यभर पालेभाजी तीन पाण्यांतून काढली. त्या तिन्ही पाण्यांच्या आधीचे एक पाणी होते, ज्यावर ती भाजी वाढली. ते जोवर स्वच्छ होत नाही, तोवर आपल्या घरातले कोणतेही सोवळे खरे नाही.